पीळ

बाहेर उणे एकतीस. तळघरात बिटाच्या बरण्या,
आणि शिकंज्यात, जबड्यांना नमदा लावून,
आडवी धरलेली बापाची रायफल.

छप्पन्न साली नेस्टर कुश्निरुक खिळे आणायला गावात गेला
आणि हार्डवेअरच्या दुकानात फावड्यांशेजारच्या पिंपातून
ही उचलून आणली. बारा डॉलर.
लढाई संपल्यावर सरकारने काढलेला भंगार माल.
खिळे राहिलेच. कुंपण त्या हिवाळ्यात तसंच पडलेलं.

नळीला डोळा लावला. पलीकडे दिवा असूनही
धुराड्यात वाकून बघावं तसं.
वॉल्टर प्रोकोपचुक म्हणाला, सोड, मेलीय ती.
वॉल्टर माझ्या ट्रॅक्टरबद्दलही एकोणीस वर्षं हेच म्हणतोय.

आधी उकळतं पाणी.
जुन्या काडतुसांच्या दारूमागे खार उरतो,
आणि खार तेलाला भीक घालत नाही.
स्टेफ्काची किटली घेतली, न विचारता.
नरसाळ्यातून ओतलं: मुखाशी आधी चहा आला,
मग गटार.
लोखंड असं तापलं की तळहातावर अजून वळ आहे.

मग ब्रश. मग गज. मग चिंध्या,
माझ्याच फाटक्या फ्लॅनेलच्या पायजम्याच्या.
पहिली काळी. चौथी काळी. अकरावी काळी.
रात्रभर अमोनिया भरून बूच मारलं,
वर स्वयंपाकघरापर्यंत वास,
वरून स्टेफ्काची हाक: झेनॉन, तू जिवंत आहेस का?
सकाळी चिंधी निघाली मोरचुदासारखी निळी.
गोळ्यांचं तांबं.
त्याखाली पुन्हा काजळी, काजळीखाली पुन्हा तांबं,
विहीर खणताना लागतात तसे थर.

वरचा थर माझा. सत्त्याऐंशीतले कोयोट,
आणि बंदूक न पुसता कोपऱ्यात उभी करणारा मी.
त्याखाली बापाची हरणं, एक मूस,
एकदा शेजाऱ्याचा बैल, ज्याबद्दल घरात बोलायचं नसे.
त्याखाली कोणाचं, ते चिंधीला सांगता येत नाही.
काळं ते काळंच.

तिसऱ्या आठवड्यात आत उजेड शिरला.
डावीकडे वळत जाणारा पीळ, पाचही चर शाबूत,
देवी आलेल्या चेहऱ्यासारखे खड्डे, पण शाबूत.
सुंभ जळतो, पीळ जात नाही, म्हणतात ना,
मला बापाचं नाक आठवलं.

फक्त मुखाशी, शेवटच्या बोटभर जागेत,
एका अंगाला पीळ नव्हताच.
गोळीने एवढं एकाच बाजूला झिजत नाही.
दस्त्याची पितळी झडप उघडली:
तेलाची कुपी, सुकलेली,
आणि दोरी. एका टोकाला वजन, दुसऱ्याला चिंधीचा फासा.
दोरीत वाळू होती, अजून.
मातीत बसून, घाईत, तिरकी ओढलेली दोरी,
सकाळ-संध्याकाळ, सार्जंट डोळा लावून बघेपर्यंत.

म्हणजे हे असं.
ज्या पोराला मी तीन आठवडे
धुराखाली, बारुदाखाली शोधत होतो
त्याची एवढीच खूण:
सांगितलं तसं, रोज, नीट पुसत राहिला
आणि पुसून पुसूनच तिचा नेम घालवला.
किती वर्षांचा असेल. कोणाला ओरडा खाताना
बूट कसे बघत असेल.

माझा गज मी त्या टोकाने कधी घालणार नाही.
मागून घालतो, हळू, पितळी कडी लावून.
आता उशीर झालाय, तरीही.

शेवटची चिंधी करडी. पांढरी होणार नाही.
तेलाचा हात फिरवला, दोरी परत झडपेत ठेवली,
वाळूसकट.

वर गेलो तर स्टेफ्काने नवी किटली आणलेली.
जुनी तुझ्याकडेच ठेव, म्हणाली,
आणि चहा ओतताना
माझ्या नखांकडे बघितलं, कपाकडे नाही.