बोटभर काळं कापड

त्या गाडीच्या चार वस्तू आहेत माझ्याकडे.
रुळावर ठेवून चपटं झालेलं एक नाणं,
त्यावरचा चेहरा आता कुणाचाही असू शकतो.
मॅग्नोलियाचं पान, त्याच्याजवळ जोरात बोलू नका,
श्वासानंसुद्धा भुगा होईल.
छापील वेळापत्रक: आमचं गाव, पहाटे तीन दहा,
थांबा नाही.
आणि बोटभर काळं कापड.

कापडाला सगळ्यांत जास्त मोजले.
टेरे होटच्या लिलावात नऊशे डॉलर.
बायको आठवडाभर बोलली नाही.
सोबत चिठ्ठी होती, शाई तपकिरी पडलेली:
'राष्ट्राध्यक्षांच्या डब्यावरून स्वहस्ते कापले.
मेहेताबेल क्रंप.'

स्वहस्ते. फार आवडायचा मला तो शब्द.

त्या पहाटे सगळं गाव शेकोट्या पेटवून रुळाकडेला उभं होतं,
पुरुषांच्या टोप्या हातात, पोरं खांद्यावर झोपलेली,
आणि गाडी ताशी वीस मैलांनी
समोरून निघून गेली.
शाळेत शिकवतात आमच्याकडे हे.
मग धावत्या गाडीचं कापड
एका बाईनं कापलं कसं,
हे विचारायला मला एकतीस वर्षं लागली.

इंडियानापोलिसच्या ओल्डहॅमबाईंनी भिंग लावलं,
एक धागा जाळला, वास घेतला.
म्हणाल्या, डब्यावर रेशीम असणार. ही लोकर आहे.
घरी रंगवलेली, लोखंडी कढईत,
अक्रोडाच्या सालींबरोबर उकळून.
आणि ही शिवण बघा. काखेची आहे.
हा घामाचा डाग.

मग कचेरीत बसून नोंदी चाळल्या.
आसा क्रंप, वय एकोणीस,
टेनेसीच्या छावणीत हगवणीनं गेला, फेब्रुवारीत.
गाडीच्या दोन महिने आधी.
त्याच्यासाठी गाडी नाही, शेकोट्या नाहीत,
पेटीसुद्धा घरी आली नाही.
आईनं होता तो झगा काळा केला, एवढंच.

पुढे परगावचे लोक येऊ लागले.
आठवणीदाखल काहीतरी द्या म्हणायचे,
अर्धा डॉलर टेबलावर ठेवायचे.
घरात दोन मुली, पिठाचा डबा,
आणि सारा थकलेला.
तिनं कात्री काढली.

घेरापासून सुरुवात केली असणार.
मग पाठ. मग बाह्या.
काखेपर्यंत आली म्हणजे
झगा संपत आला असणार.
माझा तुकडा उशिराचा आहे.

ओल्डहॅमबाईंना असे आणखी अकरा ठाऊक आहेत.
एक बँकेच्या तिजोरीत,
एक ओहायोतल्या शाळेत काचेमागं,
त्याच्यापुढं मुलं दरसाल हात छातीवर ठेवून उभी राहतात.
कळवायचं का, त्यांनी विचारलं.
मी नुसताच टोपी शोधत राहिलो.

चिठ्ठी अजून तशीच आहे.
स्वहस्ते. तेवढं तर खरंच होतं.

रात्री बायकोनं काच उघडायला लावली.
शिवणीवरून एकदा बोट फिरवलं,
काखेच्या वळणाशी थांबलं ते.
म्हणाली, नऊशे काही जास्त नव्हते.
आणि दिवा मालवायला गेली.