घट

सव्वीस हंगाम मी मार्केट यार्डात गुळाचे रवे तोलतो.
नुसता हात लावून सांगतो,
हा तीस किलोला शंभर ग्रॅम कमी भरणार.
आणि स्वतः मात्र
ब्याण्णव किलो चारशे,
डॉक्टर मगदूमांच्या काट्यावर,
चपला काढून, खिशातली किल्ल्यांची जुडी काढून,
श्वास सोडून.

पाडव्याला सुरू केलं.
एक भाकरी कमी, रात्री नाचणीचं आंबील,
पहाटे रंकाळ्याला एक फेरी.
पहिल्या पंधरवड्यात दीड किलो उतरलं
आणि मी यार्डभर सांगत सुटलो.
दस्तगीर हमाल म्हणाला, "मापाडी,
असंच चाललं तर शिमग्याला तुम्हाला
मी एका खांद्यावर घेऊन जाणार."

मग काटा बसला.
म्हैस बसावी तसा, रस्त्याच्या मधोमध,
हॉर्नला न जुमानता.
मार्गशीर्ष गेला. पौष गेला.
नव्वद नऊशे. नव्वद नऊशे. नव्वद सातशे.
त्यात वडणग्याच्या पाहुण्यांची म्हाई आली,
तांबडा रस्सा चाखला नुसता
(नुसता म्हणजे चार वाट्या)
एक्क्याण्णव सहाशे.

शालनला म्हटलं, बास झालं.
दोन महिने पोटाला चिमटा, तर दोनशे ग्रॅम जातात
आणि एका रात्रीत नऊशे येतात.
हा कुठल्या बाजारातला न्याय?
दोनशे ग्रॅमला विचारतंय कोण?
ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली,
"परवा कागलच्या गुऱ्हाळवाल्यासाठी
अडत्याशी तासभर भांडून आलात,
ते किती ग्रॅमवरनं?"

दोनशे.

दुसऱ्या दिवशी वानगी पुढं आली.
खडा, शेंगदाण्याएवढा, सोनेरी, कडेला जरा जळका.
दर रव्यामागं असा एक खडा मी तोंडात टाकत आलो,
सव्वीस हंगाम,
आणि कुणी मोजला नाही.
मापाडी असून मीही नाही.
खड्याखड्यानं आलेलं आहे हे,
ट्रक लावून कोण नेणार?
खडा दस्तगीरच्या नातीला दिला,
डबा घेऊन आली होती ती, नसीम.
खोटं कशाला बोलू, बोट चाटलं.

संध्यामठ दिवाळीत पाण्यात होता.
मी रोज त्याच्यासमोर धापा टाकायला थांबतो,
रोज पाणी तेवढंच.
आणि माघातल्या एका पहाटे
जोत्याची एक कड उघडी,
ओली, शेवाळानं हिरवी,
आणि तिच्यावर बगळा असा उभा
की सातबारा त्याच्याच नावावर.
कधी उतरलं पाणी?
मी तर रोज इथंच होतो.
शेजारी एक पोरगा जोर काढत होता, त्याला विचारलं.
म्हणाला, "काका, उतरतंयच की."
आणि पुढचा जोर काढला.

गुडघा अजून बोलतो.
पट्ट्याचं भोक अजून तेच.
शालन म्हणते चेहरा उतरलाय,
ते कौतुक की काळजी, कळत नाही.
काही पहाटे मी उठतच नाही,
आणि त्याच्या दुसऱ्या पहाटे उठतो.

काल सौदे आटोपल्यावर
यार्डाच्याच काट्यावर उभा राहिलो.
दस्तगीरनं पुकारा केल्यासारखं वाचलं,
"नव्वद दोनशे! एकच नग!"
हमाल हसले. मीही.

आमच्या धंद्यात घट म्हणजे भांडण,
लाल शाईनं लिहायची, सही घ्यायची.
वहीच्या शेवटच्या पानावर निळ्यानंच लिहिलं:
पाडव्यापासून घट, दोन किलो दोनशे.
आणि खाली बारीक अक्षरात,
चपला पायात होत्या.
कापशीच्या, तेल प्यालेल्या.
सूट धरलेली नाही.

मग उतरलो. मागं अजून एक गाडी उभी होती.
दस्तगीरला म्हटलं,
ठेव पुढचा.