चाक थांबलं की

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसला, टायरवाल्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस.
रात्रपाळीला एकतीस ठिपके माझ्या ताब्यात.
हिरवा चालतोय, निळा विश्रांती घेतोय,
लाल म्हणजे तास भरले, आता एक फूटही नाही.
निळ्याचे तास संपले की पडद्यात घंटी वाजते
आणि मी फोन लावायचा.

डबीचा हिशेब साधा आहे.
चाक फिरलं, काम.
चाक थांबलं, आराम.
माणसाच्या चालीपेक्षा हळू फिरणाऱ्या चाकाला
ती चाक धरत नाही.

बुधवारी सानपांचा ठिपका
शिवडीला, गोदीच्या गेटबाहेर निळा झाला,
नऊ वाजून चार मिनिटांनी.
सहा तास निळाच.
मी चहा ओतला, जांभई दिली,
मनात म्हटलं, या जगात कुणीतरी झोपलंय.

तीन वाजून चारला घंटी.
काका, तुमची विश्रांती झाली, निघायला हरकत नाही.

पलीकडे आधी नुसतं इंजिन.
मग, ताई, कशाची विश्रांती?
बावीस गाड्या होत्या म्होरं, आता नऊ आहेत.
म्होरची हातभर हालली की आपण हातभर हालायचं.
डोळा लागला तर मागचा हॉर्न,
हॉर्ननं नाही उठलं तर तिसराच आत घुसतो.
माल भरून सकाळच्या बंदीआधी शहराबाहेर पडायचंय.
लिहा ना तिथं, माणूस जागा होता म्हणून.

पडद्यावर तसा रकाना नाही.

किन्नर होता तेव्हा तो रांगेत बसायचा,
पायात सेठची जुनी चप्पल, हातात स्टिअरिंग,
आणि सानप मागच्या फळीवर पाय पोटाशी घेऊन.
किन्नराचा पगार वाचला, त्याच्या जागी डबी आली.
डबीला रांगेत बसता येत नाही.

पण तिला नुसतं वाईट म्हणवत नाही मला.
वहीच्या काळात हेच सानप
पनवेलच्या टपरीवर एका बैठकीत तीन दिवसांची झोप लिहायचे,
वेगवेगळ्या पेनांनी.
आणि परवा मुलाणींचा बावीस वर्षांचा पोरगा
खोपोलीला गाडी लावून सेठला म्हणाला,
मी नाही, डबी नाही म्हणतेय.
सेठने डबीच्या आईला शिव्या घातल्या.
पोरगा दुपारपर्यंत घोरत पडला.
त्याच्या बापाला असं कुणाच्या आड उभं राहता आलं नव्हतं.

पहाटे मी कागदी रजिस्टर काढलं.
त्यात शेवटी शेऱ्याची जागा असते,
तिथे आम्ही पंक्चर लिहितो, पोलीस लिहितो.
मी लिहिलं: जागा.
सकाळी साहेबांनी विचारलं, कसली जागा? पार्किंगची?
मी हो म्हटलं.

त्यानंतर सानपांनी आणि मी एक ठरवलं, डबीला न सांगता.
खरंच पडदा ओढून आडवे झाले
की ते मला एक मिस्ड कॉल देतात.
मी कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीने वेळ टिपते.

आज निळा झाला सात पन्नासला.
मिस्ड कॉल आला एक बावन्नला, कॉटन ग्रीनहून.
घंटी वाजली एक पन्नासलाच,
दोन मिनिटं आधी.
मी फोन उचलून ठेवला आहे, लावलेला नाही.
कंटेनरला उशीर झाला तर तासाचा दंड,
तो त्यांच्याच पगारातून, हेही मला माहीत आहे.
चाळीस मिनिटं, मी स्वतःला सांगते.
मग पंचेचाळीस.

खाली टायरवाला फुगवलेली ट्यूब
पाण्याच्या टपात हळूहळू फिरवतोय,
बुडबुडा कुठून येतो ते बघत.