सत्तेचाळीस नंबर

जकात उठली म्हणजे नेमकं काय झालं
हे आमच्या गावात कुणालाच धड सांगता येईना.
रेडिओ म्हणाला, मोजे स्वस्त होतील.
आम्ही हसलो. अलाबामातल्या या डोंगरपायथ्याला
मोजे विकत घेतं कोण?
दर तिसऱ्या घरात कुणीतरी टाच विणायचं,
कुणीतरी चवडा शिवायचं.

डॅडी मशीनं दुरुस्त करायचे.
सत्तेचाळीस नंबर सगळ्यांत नाठाळ.
थंडीत अडून बसायचं,
मग डाव्या बरगडीत तळहाताची एक चापट,
आजोबा खेचराला मारायचे तशी.
फार जोरात नाही.

मार्चमध्ये मशीनं खोक्यांत भरली.
बोल्ट डॅडींनीच खोलले, पिशव्यांवर आकडे घातले,
आणि मशीनांपाठोपाठ तेही गेले होंडुरासला,
सहा आठवडे, दीडपट पगारावर.
आई म्हणाली, व्हर्लन,
स्वतःच्या शवपेटीला कुणी असं रंधा मारून देतं का?
ते म्हणाले, ट्रकचा हप्ता आहे.

तिथून एकच फोटो आला:
देल्मिरा, एकोणीस वर्षांची, केसांवर जाळी.
पहिली नोकरी. पहिल्या पगारात
आईला गॅसची शेगडी घेतली म्हणे,
हे तिनं हातवाऱ्यांनी सांगितलं,
हवेत निळी ज्योत काढून.
डॅडींनी तिचा तळहात धरून दाखवलं, इथे.
दुसऱ्या सकाळी मशीन अडलं,
तिनं चापट मारली, आणि ते चाललं.
ती हसली.
मीही हसलो, डॅडी सांगतात,
मग बाहेर जाऊन जरा उभा राहिलो.

आता ते हायवेवरच्या मोठ्या दुकानात
रात्री ट्रक रिकामे करतात.
सहा जोड, चार डॉलर.
रेडिओ खोटं बोलला नव्हता.
घरी आणलेला प्रत्येक मोजा ते उलटा करतात,
कधीतरी टाचेशी एक टाका सैल सापडतो.
सत्तेचाळीस, म्हणतात.
कॅम अजून कुणी बदलला नाही.
जुन्या शेजाऱ्याचं पत्र आल्यासारखा चेहरा होतो.

गेल्या महिन्यात लेबलावर
भलत्याच देशाचं नाव होतं.
टाका तोच, सैल, टाचेशी.
डॅडींनी मोजा दिव्यापाशी धरला,
बराच वेळ त्यात हात घालून बसले.
मग मला म्हणाले,
चापट शिकवायला
तिलाच पाठवलं असेल का गं?
दीडपट तरी दिले असतील ना?