रुमालाखाली

आमच्या घरात आकडे आधी आले, माणसं मागून.
पणजोबा जिनगोंडा मास्तर बस्तीच्या ओट्यावर
पोरांना सांगायचे : संख्यात, असंख्यात, अनंत.
अनंताचेही प्रकार असतात बरं का,
सगळे एका पोत्यात ओतू नका.

आजोबा बाळगोंडा विलिंग्डनला शिकवायचे.
एकदा वाटेत, मनातल्या मनात, सिद्धता मोडली,
तर सायकल हातात धरून चालत घरी आले.
आजीला म्हणाले, पंक्चर झालं.
चाकांत हवा होती.

थोरले काका ताऱ्यांचा उजेड मोजायला बंगळूरला गेले.
आणि अनंतमती आत्या.
नाव पणजोबांनी ठेवलेलं,
ती त्या नावात राहायलाच गेली.
परदेशातून पत्र यायचं : वर एक ओळ मराठी,
खाली दोन पानं चिन्हं, आजोबांसाठी.

मी बीजगणितात तीनदा नापास.
क्षची किंमत काय, विचारलं की म्हणायचो,
कुठल्या बाजारात?
आजोबा हसले नाहीत. सांगलीच्या हळद बाजारात
ओळखीच्या पेढीवर चिकटवून दिलं.
तिथं रुमालाखाली हात, बोटं धरून भाव.
चार बोटं म्हणजे चारशे की चार हजार,
ते समोरच्याच्या तोंडावरून कळतं.

मग आत्या परत आली. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली.
डॉक्टर म्हणाले, शब्द हरवलेत, बाई आत आहेत.
कुणी पाटी आणली, कुणी अक्षरांचे ठोकळे.
तिने ढकलून दिले.

एका संध्याकाळी बाजारातून तसाच आलो,
खांद्यावर पिवळा पडलेला रुमाल.
काय वाटलं कोण जाणे,
तिच्या डाव्या हातावर टाकला, आत हात घातला.

तिने दोन बोटं धरली.
मग तीन. मग पाच.
मग पाच धरून सोडली, वर दोन.
मग एक, आणि पुन्हा एक.
मी मोठ्यानं म्हटलं, अकरा. हा कसला भाव चढतोय, आत्या?
तेरा. सतरा. एकोणीस. तेवीस.
थांबली. माझी पाळी.

मी व्यापारी माणूस. अंदाजाने सत्तावीस दिले.
फाडकन हातावर चापट,
थेट आजोबांच्या डस्टरसारखी.

नववीतली लेक वहीतून मान न काढता म्हणाली,
एकोणतीस, पप्पा.
एकोणतीस दिले.

आत्याने माझी सगळी बोटं एकदम धरली,
सोडेचना.
आमच्या बाजारात याला पाच म्हणतात.
पाच तर मघाशीच होऊन गेले होते.