ऐनवेळचा विषय

सभा अकराची. कोरम बाराला.
एकोणीस वर्षं मी इतिवृत्त लिहितो,
कोण काय बोललं ते नव्हे,
काय बोलणं झालं असं ठरलं, ते.

विषय चार : विमानतळास वाढीव नळजोडणी.
तायशेटे उभे राहिले, हातात पेला, रिकामा.
‘विमानाला बरं टायमावर उतरायला येतंय,
आमच्या फुलेवाडीत पाणी उतरायचं म्हटलं
की कुठं अडतंय?’
बाकं वाजली.
मी लिहिलं : सदस्यांनी चर्चेत भाग घेतला.

विषय पाच. जलअभियंता मगदूम यांनी नकाशा पसरला.
धरणापासून निघालेली निळी रेघ
घडीवर घडी पडून मधेच फाटलेली.
‘गळती नक्की कुठाय?’
त्यांनी बोट ठेवलं
नेमकं फाटलेल्या जागेवर.
कुणी हसलं नाही.
माझं हसू मी खोडरबराखाली ठेवलं.

विषय सहा, सुका कचरा, पुनर्वापर. वाचला. अनुमोदन.
हा ठराव मी आधी दोनदा लिहिलाय,
तारीख तेवढी बदलतो.
परवा गंगावेशीत भडंग घेतलं,
पुडी उलगडली तर आत माझंच अक्षर :
‘योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते’
आणि पुढं तेलाचा डाग.
या गावात पुनर्वापर होत नाही
असं कुणी म्हणू नये.

मग ऐनवेळचे विषय.
प्रेक्षकांच्या बाकावरून एक बाई उठली.
बसा म्हणाले. बसली नाही.
नाव मी नंतर विचारलं, हौसाबाई डवरी.
पोत्यातनं तिनं बाटली काढली,
निम्मी भरलेली, झाकण घट्ट.

‘विमानतळावरनं असल्या येत्यात, पोतं पोतं.
आत न्यायला सोडत न्हाईत म्हणं, मग टाकत्यात.
पाण्यासकट वजन केलं की भंगारवाला भांडतोय,
म्हणून आदी पानी काढायचं, मग बाटली चेचायची.
पर पानी वतवत न्हाई ओ भुईवर.
पाण्यासाठी राती तीनला उठणारी बाई मी.
डेपोच्या कडंला एक करंज लावलाय.
त्यालाच घालतो आमी समद्याजणी.
आता माझ्या खांद्याला लागतोय.
तुमी विमानतळाला पानी द्या न्हाईतर नगा देऊ,
हे निम्मं कुणाचं, तेवढं लिवून द्या.’

पंखा फिरत होता.
महापौरांचा हात घंटीपर्यंत गेला
आणि तिथंच राहिला.
मगदूम नकाशा घडी करत होते,
आहे त्याच घडीवर.
कुणीतरी म्हणालं, चहा आला वाटतं.

प्रेक्षकांचं बोलणं इतिवृत्तात येत नाही.
नियम आहे, पाठ आहे.
सभागृह रिकामं झाल्यावर रियाज शिपाई
कपांबरोबर ती बाटलीही उचलत होता.
राहू दे म्हटलं.
‘साहेब, उष्टं पाणी.’
राहू दे रे.

रविवारी सायकल काढून डेपोवर गेलो.
धूर, कुत्री, चिंध्यांचा वारा,
आणि कडेला खरंच ते झाड, पोपटी, चकचकीत,
बुंध्याशी माती ओली.
बाटली सोबत नेली होती.
ओतली नाही. का, सांगता येणार नाही.
वर विमान गेलं, एवढं खाली
की खिडक्या मोजता याव्यात.

सोमवारी टंकलेखन करताना
पान सत्तेचाळीसवर, तळाशी, बारीक अक्षरात घातलं :
ऐनवेळचा विषय. करंज, एक.
उंची खांद्याइतकी. नोंद घेण्यात आली.
सूचक आणि अनुमोदकाच्या जागा
कोऱ्या ठेवल्या.

पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीचाच :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचत कुणी नाही.
‘कायम?’ पीठासनावरून आवाज.
‘कायम, कायम,’ दोन्ही बाजूंनी.

तर करंज सर्वानुमते कायम झाला.
बाटली माझ्या टेबलावर आहे, फायलींच्या आड.
पाणी निम्म्यावरच.
त्या निम्म्याचा विषय अजून
कुठल्याच पत्रिकेवर आलेला नाही.