दोन बोटं

वीज गेली, म्हणून टेबल मोजायला घेतलं.
एलिसेओच्या अकरा विती.
माझ्या सात.
"म्हणजे तुझ्यासाठी टेबल छोटं?"
मी बटाटे सोलत होते.
लगेच उत्तर सुचलं नाही.

मग चमचे काढले, सगळे एका मापाचे,
कमी पडले ते रोसाऊराकडून उसने.
चुलीच्या पायापासून उंबऱ्यापर्यंत
एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं तोंड
असे मांडत गेलो.
तो मध्ये फटी सोडायचा, मी सरकवायची.
"असू दे गं, श्वास घेतील ते."
फटींसकट एकोणीस भरले.
फटी मिटवल्यावर बावीस.

शनिवारी आमचं घर हलणार होतं.
समुद्र कडा खात अंगणापर्यंत आला होता.
चिलोए बेटावर घरं अशी जातात:
पायापासून सोडवायची, ओंडक्यांवर चढवायची,
बैल जुंपायचे,
आणि सगळ्या गावानं हातभार लावायचा.
हातभर नव्हे, हातभार.
त्याचं माप मला माहीत नाही.

एलिसेओला एकच काळजी:
ओढताना घर ताणलं गेलं तर?
म्हणून करड्या लोकरीचा धागा
चुलीपासून उंबऱ्यापर्यंत धरला, कापला.
तो त्यानं खिशात ठेवला,
वर हात दाबून.

आठ जोड्या बैल.
चिखल, आरडाओरडा, एक तावदान फुटलं.
माझा नवरा धुराड्याकडे बघत उलटा चालत होता,
जणू ते पडलं तर झेलणारच होता.

संध्याकाळी टेकडीवर
धागा पुन्हा लावला.
उंबऱ्याबाहेर दोन बोटं उरला.
खिशात भिजला होता;
ओली लोकर सैलावते,
मला ठाऊक आहे, जन्मभर विणते मी.
तो मात्र गुडघ्यांवर बसून
दोन बोटं टेकवून बघत राहिला.
"घर आकसलंय," म्हणाला. "थकलं असेल."

उद्या धागा वाळेल, तेव्हा सांगीन.

आता एकच चमचा घेऊन बाहेर पडलाय.
इथून समुद्र किती, ते हवंय त्याला.
ठेव, उचल, ठेव.
कुंपणापाशी थांबून ओरडतो,
"आई, फटी सोडू?"
सोड, म्हटलं.
अंधाराच्या आत परत यायचंय.